ओढ्यापलीकडचा दिवा

कुणाला तरी हाक मारावी आणि भलत्याच घरातून ‘ओ’ यावी, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?

मुकुलच्या बाबतीत झालं. त्याची हाक रोज ओढा ओलांडून जात होती, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

पिंपळखोऱ्याच्या ओढ्याकाठी भागीरथीअक्कांचा मठ आहे. मठ म्हणजे फार काही नाही. एक स्वयंपाकघर, एक लांब पडवी आणि तिला लागून ओळीनं खोल्या. ज्यांचं मागे कुणी उरलं नाही, आणि ज्यांना सगळे असून घरात राहवत नाही, अशी माणसं तिथं राहतात.

मठाची एक रीत होती. जेवायला ‘चला रे सगळे’ अशी सरसकट हाक मारायची नाही. अक्का स्वतः प्रत्येक दाराशी जायच्या, नाव घ्यायच्या, ‘जेवायला ये’ म्हणायच्या. आतून ‘आलो’ ऐकू आलं की मगच पुढच्या दाराशी.

नाव घेतल्याशिवाय कुणी पंगतीला बसत नसे.

मग अक्कांचे गुडघे गेले.

मुकुल तेव्हा मठात नवा होता. पुण्याला इंजिनिअर होता, चांगली नोकरी सोडून अक्कांकडे शिकायला आला होता. काय शिकायला, ते त्याला नीट सांगता येत नसे. पण हुशार होता. आणि आपण हुशार आहोत, हे तो घटकाभरही विसरत नसे.

त्यानं तालुक्याच्या दुकानातून डब्या आणल्या. प्रत्येक खोलीत एक डबी, डबीला एक छोटा दिवा. मधे तार नाही. हातात एक रिमोट, तेवढाच. वरचं बटण दाबलं की सगळ्या खोल्यांतले दिवे एकदम लागायचे. म्हणजे ताटं वाढली. जेवणं उरकली की खालचं बटण. दिवे विझायचे.

“अक्का, आता तुम्ही उठायचं नाही,” रिमोट त्यांच्या हातात देत मुकुल म्हणाला. “एक बटण, काम झालं.”

“आता आम्ही लायटीचं ऐकायचं व्हय रं?” म्हातारे सदोबा म्हणाले. “उद्या मला वर न्यायला आले, तर लाल लाव बाबा. हिरवा लावलास तर मी पानावर जाऊन बसायचो.”

सगळे हसले. अक्काही हसल्या.

त्यांनी एक डबी हातात घेऊन उलटी केली. मागे दातांची बारीक ओळ होती.

“हे कसले रे दात?”

“खटके आहेत. त्यांनी कोड लावतात.”

“कशाला?”

“समजा, शेजाऱ्यानं पण अशीच डबी बसवली. हा रिमोट भिंती मानत नाही, अक्का. मी इकडे बटण दाबलं, तर तिकडे त्याचाही दिवा लागायचा. तसा घोटाळा नको, म्हणून ज्यानं त्यानं आपले खटके वेगळे लावायचे. कुणी पहिला वर करायचा, कुणी तिसरा. रिमोटवर जसे, तसेच डबीवर. रिमोट आधी कोड सांगतो, मग हुकूम. डबीच्या कानावर सगळ्यांचं येतं. पण कोड आपला नसला, तर ती हलत नाही.”

“ऐकते सगळ्यांचं...”

“हो. पण गप्प राहते.”

“गुणाची आहे,” अक्का म्हणाल्या. “मग आपला कोड कुठला लावलास?”

मुकुल हसला.

“कारखान्यातून आला तोच. सगळे खटके खाली. अक्का, ते शहरात लागतं, बिल्डिंगींमध्ये. इथं आपल्याशिवाय आहे कोण?”

अक्कांनी ओढ्याकडे पाहिलं. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, एका घराची कौलं दिसत होती.



“घे,” म्हणून त्यांनी रिमोट त्याच्या हातात दिला. “तूच दाब.”

त्या दिवसापासून रिमोट मुकुलच्या खिशात राहिला. त्याला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

थंडी सरली. चैत्रात मुकुल बहिणीच्या मुलाच्या बारशाला मिरजेला गेला. तिथं पोचल्यावर त्याला खिशात रिमोट सापडला.

परत पाठवता आला असता. त्याला वाटलं, राहू दे. आपण नसलो की काय अडतं, ते कळू दे जरा सगळ्यांना.

बारसं झालं. बहिणीनं आणखी ठेवून घेतलं. तो राहिला.

परतला तेव्हा दिवस मावळत होता. पडवीत अक्का काठी टेकत एका दाराशी उभ्या होत्या.

“कोंडिबा, जेवायला ये.”

“आलो, अक्का.”

कुणाचं काही अडलेलं दिसत नव्हतं. मुकुलला ते आवडलं नाही.

“थांबा, थांबा! मी आलोय!” तो फाटकातूनच ओरडला. खांद्यावरची पिशवीही त्यानं उतरवली नाही. रिमोट काढला, वरचं बटण दाबलं.

ओळीनं सगळे दिवे लागले.

आणि ओढ्यापलीकडून किंकाळी आली.

बाईची किंकाळी. दुःखाची असती तर माणसं धावली असती. ही आनंदाची होती, आणि म्हणून सगळे जागच्या जागी थिजले.

“आला! माझा वैजू आला!”

पत्रावळी मांडणारे हात थांबले. सदोबांच्या हातून तांब्या निसटला.

“वैजू?” ते पुटपुटले. “अरे, वैजू तर श्रावणात गेला. लायटीच्या खांबावरनं पडून. मातीला मी होतो की...”

मुकुलनं वैजूचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

अक्कांनी मुकुलकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“खांदा दे,” त्या म्हणाल्या. “पलीकडे जायचंय.”

ओढ्यावरच्या साकवावरून दोघं पलीकडे निघाली. अक्कांची काठी तेवढी वाजत होती.

घराचं दार सताड उघडं होतं. आतल्या खोलीच्या चौकटीला धरून एक बाई उभी होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. एका हातात ताट होतं. पण चेहरा... इतका उजळलेला चेहरा मुकुलनं कधी पाहिला नव्हता. त्याला तो पाहवेना.

खोलीत दिवा लागला होता. दिव्याखाली झटकून घातलेलं अंथरूण. खिळ्याला पक्कड अडकवलेला पट्टा.

आणि भिंतीवर एक डबी.

तशीच. अगदी तशीच.



“या, अक्का, या,” बाई म्हणाली. “बघा, आला का न्हाई! रुसला हुता माझ्यावर. इतकं दिस दिवाच लावला न्हाई त्यानं.”

“कुणी?” मुकुलनं विचारलं.

“वैजूनं. दुसरं कोण लावणार? ह्यो दिवा त्यानंच बसिवलाय. कामावरनं आला की हितं आडवा व्हायचा आन् पडल्या पडल्या बटण दाबायचा. ‘आई, दिवा लागला की ताट आणायचं, वरडायला लावू नगंस.’ लई आळशी.” ती हसली. “मग तो गेला. बटण त्याच्या खिशातच फुटलं, दिवाबी गेला. आन् थंडीत एक दिस, तिन्हीसांजंला, आपसूक लागला की! माझं तर काळीजच थांबलं. पळत ताट आणलं, हितं ठेवलं. घटकाभरानं विझला. म्हटलं, जेवला. मग मीबी त्याच ताटात जेवले. तवापासनं रोज.”

“आणि आता मधे?” अक्कांनी विचारलं.

“लागलाच न्हाई.”

“तू जेवलीस?”

बाईनं नवलानं त्यांच्याकडे पाहिलं.

“लेक उपाशी आन् मी कशी जेवू?”

मुकुलचा हात खिशात होता. मूठ आपोआप आवळली. अंगठ्याखाली काहीतरी दबलं.

दिवा विझला.

खोलीत संध्याकाळचा करडा उजेड उरला. 

“जेवला?” बाईचा आवाज आला. “इतक्यात?... ताट तर माझ्या हातातच हाय.”

मुकुलनं खिशातून हात काढला. तो हात आपला नाहीच, असा त्यानं तो अंगापासून लांब धरला.

“काकू, ते...”

अक्कांनी त्याचं मनगट पकडलं. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

“आधी तू जेव, बाई,” अक्का म्हणाल्या. “बस. ताक आहे? ताक पी आधी. मग हळूहळू भाकरी खा.”

“पण त्यो...”

“आधी तू.”

बाई बसली. अक्कांनी मुकुलला बाहेर ओट्यावर आणलं.

तो खाली बसला.

“अक्का, मी... हे मी केलं.”

“हळू. ती जेवतेय.”

“माझे खटके खाली, तिचेही खालीच. मी इकडे बटण दाबत होतो आणि तिकडे ही... मी मिरजेला पुरणपोळ्या खात होतो, अक्का. मुद्दाम राहिलो. आणि ही इथं...”

आतून भाकरी मोडल्याचा आवाज आला. दोघंही तो ऐकत बसली.

“आत्ताच्या आत्ता जातो,” मुकुल म्हणाला. “आपल्या डब्यांचे खटके बदलतो. घोटाळा मिटेल.”

“आणि उद्या तिन्हीसांजेला?”

“उद्या तिचा दिवा...” तो थांबला. “लागणार नाही.”

“मग?”

“मग ती जेवणार नाही.”



“मग नाही बदलत,” मुकुल घाईनं म्हणाला. “रोज वेळेवर दाबीन. कुठं जाणार नाही. जन्मभर दाबीन.”

“कुणाच्या जन्मभर?”



“सांगितलं, तर तिचं काय होईल, अक्का?”

“मला ठाऊक नाही.”

मुकुलनं चमकून वर पाहिलं. अक्कांच्या तोंडून हे शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकले.

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.” त्या आतल्या आवाजाकडे कान लावून होत्या. “तिचं नाव काय रे?”

“मला... माहीत नाही.”

“मलाही नाही. वैजूची आई म्हणतात सगळे. मीही तेच म्हणत आले.” त्यांनी वर छपराकडे पाहिलं. “ही कौलं रोज दिसायची मला.”

आत ताट सारल्याचा आवाज झाला. मग चूळ भरल्याचा.

“जा,” अक्का म्हणाल्या. “आता सांग.”

“मी?”

“हाक कुणी मारली होती?”

मुकुल आत गेला. बाईसमोर मांडी घालून बसला. तिचा हात हातात घेतला, त्यावर रिमोट ठेवला.

“काकू, हे वरचं दाबा.”

तिनं दाबलं. दिवा लागला.

ती दचकली. तिनं दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आता खालचं.”

दिवा विझला.

त्यानं सांगायच्या आधीच तिनं पुन्हा वरचं दाबलं. दिवा पुन्हा लागला.

“हे मठातलं आहे,” मुकुल म्हणाला. “आमच्याकडेही अशाच डब्या आहेत. तुमच्या डबीचा कोड आणि आमचा कोड एकच राहिला. मी तिकडे जेवणाच्या वेळी बटण दाबायचो. इकडे तुमचा दिवा लागायचा. जेवणं झाली की विझवायचो, तुमचाही विझायचा. मी तो कोड बदलायला हवा होता. मला वाटलं, इथं दुसरं कुणी नाहीच.”

बाई ऐकत होती. पापणीही हलत नव्हती.

“म्हंजी... वैजू न्हवता?”

“नाही, काकू.”

“रोज?”

“एकदाही नाही.”

ती दाराकडे वळली. दारात अक्का काठीला टेकून उभ्या होत्या.

“अक्का,” तिनं विचारलं, “वैजू मेला?”

श्रावणात तिनं स्वतः त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं. साऱ्या गावानं पाहिलं होतं. आणि आता ती विचारत होती, जणू कुणी आत्ताच बातमी घेऊन दारात आलं होतं.

“हो, बाई,” अक्का म्हणाल्या. “मेला.”

ती रडली नाही. मुकुल वाट पाहत होता. ती रडेल, शिव्या देईल, हातातला रिमोट त्याच्या तोंडावर फेकून मारेल... तिनं काहीच केलं नाही. नुसती बसून राहिली.

मुकुल उठला आणि भिंतीवरच्या डबीकडे गेला.

“निदान हिचे खटके...”

“हात लावू नगंस!”

अंगात त्राण नसलेली ती बाई एका झटक्यात उठून त्याच्या आणि भिंतीच्या मधे उभी राहिली.

“त्यानं बसिवलंय त्ये. त्याचं बोट लागलंय त्याला.”

मुकुल मागं सरला.

“तिचं आहे तसं राहू दे,” अक्का दारातून म्हणाल्या. “मागून आलास तो तू. तू बदल.”

बाई भिंतीला टेकली. हळूहळू खाली बसली. रिमोट अजून तिच्या मुठीत होता.

“मग इतकं दिस...” ती म्हणाली, “मला जेवायला बोलवत हुतं कोण?”

मुकुलनं मान खाली घातली.

“मी.”

मग त्याला वाटलं, एवढंच म्हणून थांबलं तर तेही खोटंच.

“पण... तुम्हाला नव्हतो बोलवत.”

बाईनं डोळे मिटले.



“मग आता बोलव,” अक्का म्हणाल्या.

मुकुलनं तोंड उघडलं. मठाची रीत त्याला आठवली. आणि हाक मारायला लागतं, तेच त्याच्याजवळ नव्हतं. त्यानं हात जोडले.

“काकू... तुमचं नाव काय?”

बाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

अक्कांनी त्याला खूण केली. दोघं बाहेर पडली.

साकवाच्या मध्यावर मुकुल थांबला.

“तिनं नाव सांगितलं नाही, अक्का.”

“हं.”

“नुकसान भरून निघणार नाही ना हे?”

अक्का चालत राहिल्या. त्यालाही चालावं लागलं. त्याचा खांदा त्यांच्या हाताखाली होता.

आणि अचानक समोर मठातले सगळे दिवे विझले.

मुकुलनं खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

दिवे पुन्हा लागले. विझले. पुन्हा लागले. पडवीत गलका झाला. माणसं दारादारात आली. सदोबांचा आवाज ओढ्यापर्यंत आला, “अरं, कोण बोलावतंय? ताटं तर वाढलेलीच हायत!”

मुकुलनं वळून पाहिलं. पलीकडे त्या घरातला दिवाही तसाच लागत होता, विझत होता. इकडच्या सगळ्या दिव्यांबरोबर. एकाच वेळी.

“अक्का, ती... ती दाबतेय. तिथून.”

“दिसतंय मला.”

“रात्रभर चालेल हे. सगळ्यांना त्रास होईल. मी पळत जातो, खटके बदलतो. बदलू?”

अक्कांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला. काठी काखेत धरली, आणि पहिल्यांदाच त्या कशाचाही आधार न घेता उभ्या राहिल्या.

“आधी ‘ओ’ दे,” त्या म्हणाल्या.

मुकुल ओढ्यापलीकडे तोंड करून ओरडला, “ओ!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुलनं मठातल्या सगळ्या डब्यांचे खटके बदलले; रिमोट मात्र पलीकडेच राहू दिला. पंगतीच्या वेळी ओढ्यापलीकडची बाई वैजूचं ताट घेऊन साकवावरून आली, पडवीच्या पायरीशी थांबली, आणि तिनं मुकुलला आपलं नाव सांगितलं. हौसाबाई.